साभार परत : जीवशास्त्राच्या पत्रिका आणि त्यांचे परीक्षक

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं होतं, की विज्ञानातला एखादा दावा खरा की खोटा हे ठरवतं कोण? त्यावर दुसऱ्या एका श्रोत्यांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं : 'पीअर-रिव्ह्यूड जर्नलमध्ये छापून आला की खरा.' आपण तेव्हा वेळेअभावी पुढे गेलो. पण ते उत्तर आमच्या डोक्यातून गेलं नाही. आजचं व्याख्यान त्या उत्तराबद्दल आहे.

पीअर रिव्ह्यू म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगू. संशोधक आपला शोधनिबंध पत्रिकेकडे पाठवतो. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. ते वाचतात, शेरे मारतात, छापा, दुरुस्त करून छापा किंवा छापू नका असं कळवतात. लेखकाला त्यांची नावं बहुधा कळत नाहीत, आणि या कामाचे पैसेही बहुधा कोणी देत नाही. मराठीत कुणी 'समकक्ष परीक्षण' म्हणतं, कुणी 'सहकर्मी परीक्षण'. आपण नुसतं परीक्षण म्हणू.

आपल्याकडे लिहिणाऱ्या माणसाला 'साभार परत' हे दोन शब्द चांगले ठाऊक असतात. दिवाळी अंकाला कथा पाठवायची, सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच पाकीट आपल्याच अक्षरातला पत्ता मिरवत घरी यायचं. तर जून १९३७ मध्ये असं एक साभार परत इंग्लंडमधल्या शेफील्डला पोचलं. ज्यांना पोचलं त्यांचं नाव हान्स क्रेब्ज. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडावी लागलेले हे जीवरसायनशास्त्रज्ञ. अन्नातून पेशीला ऊर्जा मिळते ती कोणत्या रासायनिक पायऱ्यांनी, याचं एक चक्र त्यांना आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम जॉन्सन यांना सापडलं होतं. आज बारावीची मुलं 'क्रेब्ज सायकल' म्हणून जे घोकतात, तेच. 'नेचर' साप्ताहिकाने कळवलं की आमच्याकडे सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं आधीच साचली आहेत, थांबायची तयारी नसेल तर दुसरीकडे पाठवा. तोवर क्रेब्जनी पन्नासाहून अधिक निबंध छापले होते आणि नकार पहिल्यांदाच आला होता. त्यांनी मजकूर हॉलंडमधल्या 'एन्झायमोलोगिया' पत्रिकेकडे पाठवला, दोन महिन्यांत तो छापून आला. १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ही गोष्ट परीक्षणाच्या चुकांचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. आणि गंमत अशी, की यात परीक्षण झालेलंच नाही. कुणी तज्ज्ञाने ते वाचून नाकारलं नव्हतं. पानं शिल्लक नव्हती, एवढंच. कागदाचा, छपाईचा आणि टपालाचा खर्च हा या इतिहासातला मोठा पात्र आहे, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

आता मागे जाऊ. पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की परीक्षणाची पद्धत १६६५ मध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी सुरू केली. ओल्डेनबर्ग हे लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव. ६ मार्च १६६५ रोजी त्यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' काढलं. पण हा त्यांचा स्वतःचा धंदा होता. देशोदेशींहून येणाऱ्या पत्रांतलं जे त्यांना रुचेल ते ते छापत. कधी ओळखीच्या कुणाला विचारतही असतील, पण अमुक निबंध अमुक तज्ज्ञाकडे गेलाच पाहिजे असा नियम काही नव्हता. इतिहासकारांनी गेल्या काही वर्षांत सोसायटीची दप्तरं चाळून ही दंतकथा मोडून काढली आहे. तरी ती टिकून आहे. साडेतीनशे वर्षांची परंपरा म्हटलं की वजन येतं ना!

पहिली खरी समिती आली १७५२ मध्ये, आणि ती आली ती चेष्टेमुळे. जॉन हिल नावाचे एक गृहस्थ होते. वनस्पतींचे अभ्यासक, औषधविक्रेते आणि जिभेला हाड नसलेले. सोसायटीने त्यांना जवळ केलं नाही. त्यांनी १७५० मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका लिहिली. वाऱ्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे पुरुषाशिवायही स्त्रीला गर्भ राहू शकतो, असा 'शोध' तिच्यात अगदी गंभीर चेहऱ्याने मांडला होता. मग पुढच्याच वर्षी सोसायटीच्या छापील निबंधांतल्या भाकडकथा वेचून त्यांची यथेच्छ टर उडवली. सोसायटीची लाज गेली. तोवर पत्रिका सचिवांची खाजगी होती, आता सोसायटीने ती ताब्यात घेतली आणि काय छापायचं ते गुप्त मतदानाने ठरवणारी निबंध-समिती नेमली.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. समिती नेमली, आणि त्याच वेळी सोसायटीने छापून जाहीर केलं की निबंधातल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी आम्ही घेत नाही. संस्था म्हणून आम्ही कोणत्याही विषयावर मत देत नसतो. विषय महत्त्वाचा आहे का, मांडणी बरी आहे का, एवढंच समिती बघणार. म्हणजे ज्या दिवशी निवड सुरू झाली, त्याच दिवशी निवडणाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं की निवड म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे.

लेखी अहवाल मागवण्याची कल्पना विल्यम ह्यूवेल यांची, १८३१ सालची. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत असे अहवाल होत, ते बघून त्यांना वाटलं की आपल्याकडेही व्हावेत, आणि ते छापावेत. नकार देण्यासाठी म्हणून नव्हे, तर चांगल्या कामाकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. पहिला प्रयोग एका खगोलशास्त्रीय निबंधावर झाला, परीक्षक होते ह्यूवेल आणि जॉन लबक. दोघांचं पहिल्याच फटक्यात वाजलं. ह्यूवेलना निबंधाचा गौरव करायचा होता, लबकना त्यातल्या चुका दाखवायच्या होत्या. आजही दोन परीक्षकांचे अहवाल शेजारी ठेवून बघा, हेच दिसेल. पुढे थोड्याच काळात अहवाल छापणं बंद पडलं, ते गुप्त झाले आणि परीक्षक पडद्याआड गेले. तिथून जी काही गडबड सुरू झाली, ती अजून चालू आहे.

जीवशास्त्रातली तिची सर्वांत रंगतदार कथा टी. एच. हक्सली यांची. पुढे डार्विनची बाजू लढवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १८५२ मध्ये ते सव्वीस वर्षांचे, बिनपैशाचे, बिननोकरीचे तरुण होते. 'रॅटलस्नेक' जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या समुद्राची सफर करून आलेले. गोगलगाय, नळ असे जे मृदुकाय प्राणी असतात, त्यांच्या शरीररचनेवर त्यांनी एक दीर्घ निबंध लिहून रॉयल सोसायटीकडे दिला. आणि मग त्यांना झोप लागेना. कारण त्या काळी इंग्लंडात प्राण्यांची शरीररचना म्हटलं की एकच नाव होतं, रिचर्ड ओवेन. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे ते हेच. निबंध परीक्षणाला ओवेनकडे गेला तर?

मार्च १८५२ मधल्या एका खाजगी पत्रात हक्सलींनी मन मोकळं केलं आहे. ते लिहितात त्याचा आशय असा : विज्ञानाच्या या पुण्यभूमीत किती कारस्थानं चालतात याची तुम्हाला कल्पना नाही. माझा निबंध नवा आहे, महत्त्वाचा आहे. पण तो माझ्या त्या 'खास मित्रा'च्या हाती पडला तर छापला जाणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. त्याला निबंधाविरुद्ध एक शब्द बोलता येणार नाही, पण तो नाक मुरडून वाटेला लावील. वीस वर्षं त्याच्या मागे कुणी चालणारं नव्हतं, त्यामुळे सगळी सृष्टी ही आपली राखीव शिकारीची जागा आहे असं त्याला वाटू लागलंय. तेव्हा माझा बिचारा निबंध त्याच्या हातात पडू नये म्हणून मला थोड्या खटपटी कराव्या लागणार.

पत्रातल्या या खास मित्राचं नाव आपण ओळखलंच असेल. निबंध १८५३ मध्ये छापून आला. आता न्यायाने हेही सांगायला हवं, की याच ओवेननी हक्सलींसाठी आरमारी खात्याकडे शिफारशी केल्या होत्या. माणूस निव्वळ खलनायक नव्हता. आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे जो इंग्रजीत नाही. वाटणीला एकत्र, भांडायला एकत्र आणि एकमेकांचं जितकं इतर कुणाला कळणार नाही तितकं नेमकं जाणणारे, ते भाऊबंद. आपलं काम तपासायला लायक कोण? ज्याला ते कळतं तो. आणि ते कुणाला कळतं? जो त्याच तुकड्यावर नांगर धरून उभा आहे त्याला. म्हणून आम्हाला कधी कधी वाटतं, पीअर रिव्ह्यूचं खरं मराठी भाषांतर 'भाऊबंदकी' असंच करायला हवं.

पुढे १८७२ मध्ये हेच हक्सली रॉयल सोसायटीचे सचिव झाले, आणि जीवशास्त्राचा कोणता निबंध कोणाकडे धाडायचा ते ठरवू लागले. तेव्हा त्यांना १८५२ची आठवण होत असेल का? असावी.

थोडं विषयांतर करतो, कारण गोष्ट मुंबईची आहे. विषय जीवशास्त्राचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटिश गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक कॅडेटांना शिकवायला मुंबईत होते. वायूंचे कण सैरावैरा धावत असतात, आणि त्यांच्या धडकांतून दाब व तापमान उद्भवतं, असा सिद्धांत त्यांनी मुंबईत बसून मांडला आणि १८४५ मध्ये लंडनला पाठवला. एका परीक्षकाने शेरा मारला की हा शुद्ध मूर्खपणा आहे, सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही. नियम असा होता की सोसायटीकडे आलेलं हस्तलिखित सोसायटीचं. वॉटरस्टननी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती. तो कागद सेहेचाळीस वर्षं कपाटात पडून राहिला. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना तो सापडला आणि १८९२ मध्ये छापला गेला. वॉटरस्टन १८८३ मध्येच गेले होते. मधल्या काळात तोच सिद्धांत इतरांनी मांडून झाला होता. म्हणजे हे साधं 'साभार परत' सुद्धा नव्हे. परत आलंच नाही.

परत जीवशास्त्राकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात सगळ्या पत्रिका अशाच चालत असतील असं समजू नका. परीक्षकांची पद्धत विद्वत्सभांची होती. बाकी बहुतेक ठिकाणी संपादक हाच राजा. डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनीयन सोसायटीत वाचले गेले, ते लायेल आणि हूकर या दोन वजनदार मित्रांच्या शब्दावर. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्ये ब्रुन गावच्या निसर्ग-मंडळाच्या वार्षिकात आला. त्याला अडवायला कुणी परीक्षक नव्हता, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याचं मोल ओळखणारा वाचकही जवळपास नव्हता. 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'चे संपादक लँगली तर आलेले निबंध स्वतःच्या हाताने नव्याने लिहून काढत. लेखकांची काय चडफड होत असेल!

आपल्या मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये सुरू झाली, तिची पत्रिका जानेवारी १८८६ मध्ये. संपादक स्टर्नडेल आणि एटकेन. लिहिणारे कोण, तर जंगलखात्याचे साहेब, लष्करातले अधिकारी, शिकारी, डॉक्टर. तिथे खरेपणाचा आधार वेगळाच होता : पक्षी पाहिला म्हणता, तर त्याचं कातडं आणा. पेंढा भरलेला, पायाला चिठ्ठी बांधलेला नमुना. त्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता विसावं शतक. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध आला. जेमतेम एका पानाचा. त्याच अंकात विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, तसंच रोझलिंड फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचा असे आणखी दोन. यातला वॉटसन-क्रिकचा निबंध कोणाही बाहेरच्या परीक्षकाकडे गेला नव्हता. केंब्रिजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर लॉरेन्स ब्रॅग यांचा शब्द आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजशी झालेली बोलणी, यावर काम झालं. 'नेचर'चे नंतरचे संपादक जॉन मॅडॉक्स म्हणायचे की तो परीक्षणाला पाठवणंच शक्य नव्हतं : त्याचा खरेपणा उघड दिसत होता, आणि ज्याने तो वाचला असता त्याला तोंड बंद ठेवणं जमलं नसतं.

हे दुसरं कारण हसण्यावारी नेऊ नका. कारण या कथेत एक परीक्षण होतं, फक्त ते निबंधाचं नव्हतं. किंग्ज कॉलेजच्या प्रयोगशाळेची पाहणी करायला वैद्यकीय संशोधन परिषदेची एक समिती डिसेंबर १९५२ मध्ये गेली होती. समितीला प्रयोगशाळेने आपल्या कामाचा अहवाल दिला, त्यात फ्रँकलिन यांची मोजमापं होती. समितीचे एक सदस्य होते केंब्रिजचे मॅक्स पेरुट्झ. त्यांच्याकडून तो अहवाल क्रिकपर्यंत पोचला, आणि डीएनएच्या दोन साखळ्या उलटसुलट दिशांनी धावतात हे त्यातल्या आकड्यांवरून क्रिकच्या ध्यानात आलं. फ्रँकलिनना कुणी विचारलं नाही. १९६९ मध्ये पेरुट्झनी खुलासा केला की अहवालावर 'गोपनीय' असा शिक्का नव्हता, तरीही आपण परवानगी घ्यायला हवी होती. फ्रँकलिन १९५८ मध्येच गेल्या होत्या. परीक्षकाच्या हातात निबंधाचं भवितव्य असतं हे सगळे म्हणतात. त्याच्या हातात दुसऱ्याची माहितीही असते, आणि ती वेळेआधी असते.

मग सगळीकडे सक्तीचं परीक्षण आलं कधी? आपल्या समजुतीपेक्षा फार उशिरा. 'नेचर'ने प्रत्येक निबंधाला बाहेरचं परीक्षण आवश्यक केलं १९७३ मध्ये, डेव्हिड डेव्हिस संपादक झाल्यावर. वैद्यकातलं 'लॅन्सेट' १९७६ मध्ये. म्हणजे आज साठी ओलांडलेल्या आपल्यातल्या कित्येकांपेक्षा ही परंपरा वयाने लहान आहे. कारणं अनेक सांगतात. युद्धानंतर अमेरिकेत संशोधनाला सरकारी पैसा मिळू लागला, निबंधांचा पूर आला आणि विषय इतके बारीक झाले की एका संपादकाला सगळं कळेना. फोटोकॉपीचं यंत्र आलं, तेव्हा एक निबंध तिघांना धाडणं सोपं झालं. त्याआधी टंकलेखनाच्या कार्बन प्रती किती निघणार?

पण आम्हाला यातलं राजकीय कारण जास्त वजनाचं वाटतं. 'पीअर रिव्ह्यू' हा शब्दप्रयोग आधी पत्रिकांचा नव्हताच, तो अनुदानाचा होता; कोणत्या प्रकल्पाला सरकारी पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समित्यांचा. १९७५ मध्ये अमेरिकन संसदेत नॅशनल सायन्स फाउंडेशनची झाडाझडती झाली. आमच्या करदात्यांचे पैसे कोण, कसे, कोणाच्या सांगण्यावरून वाटतं, असं खासदार विचारू लागले. तेव्हा वैज्ञानिकांनी उत्तर दिलं की आमचे समकक्ष तपासतात, आणि तेच विज्ञानाचं खरं कुंपण आहे. बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून आतल्या तपासणीचा गौरव सुरू झाला. १७५२ मध्ये सोसायटीने जी जबाबदारी छापून नाकारली होती, ती सव्वादोनशे वर्षांनी वैज्ञानिकांनी स्वतःहून खांद्यावर घेतली. मांडणी तपासणाऱ्या माणसाकडे सत्याचा रखवालदार म्हणून पाहिलं जाऊ लागलं.

त्याच काळात एक वेगळी वाट उघडली होती, ती बंद पाडण्यात आली. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १९६१ मध्ये जीवशास्त्रज्ञांचे माहिती-गट काढले. न छापलेला निबंध एनआयएचकडे द्यायचा, संस्था त्याच्या प्रती काढून गटातल्या सगळ्यांना टपालाने पाठवणार. सभासद ३६०० च्या वर गेले, २५०० हून अधिक लेख फिरले. मग पत्रिकांनी ठरवलं की असं फिरून आलेलं काही आम्ही छापणार नाही. १९६७ मध्ये प्रयोग आटोपला. जीवशास्त्रात हीच कल्पना रुजायला २०१३ उजाडलं, 'बायोआर्काइव्ह' निघालं तेव्हा. आणि करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी तिचा उपयोगही पाहिला, घोळही पाहिला.

परीक्षकांनी नाकारलेल्या मोठ्या कामांची यादी लांबलचक आहे, आणि ती वाचण्यात एक दुष्ट आनंद असतो. त्यातलं एकच नीट सांगतो. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन न्यूयॉर्कमध्ये काम करत होते. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात असं त्यांना दिसलं. इतक्या छोट्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत नाहीत, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. 'सायन्स'ने निबंध नाकारला. 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'नेही १९५५ मध्ये नाकारला. शेवटी १९५६ मध्ये घेतला, पण शीर्षकातून 'प्रतिपिंड' हा शब्द काढायला लावून. याच कामातून पुढे रक्तातलं संप्रेरक अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही मोजण्याची पद्धत निघाली. आज थायरॉइडची तपासणी करायला आपण कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जातो, ती तपासणी त्याच कुळातली. १९७७ मध्ये यॅलोंना नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. नोबेलच्या व्याख्यानात यॅलोंनी काय दाखवलं असेल? ते नकाराचं पत्र. बावीस वर्षं जपून ठेवलेलं.

लिन मार्ग्युलिस यांचा पेशीच्या उगमावरचा निबंध १९६७ मध्ये छापून आला, त्याआधी त्या सांगत त्याप्रमाणे पंधराएक पत्रिकांनी तो परत केला होता. पण याच मार्ग्युलिसनी २००९ मध्ये अमेरिकन विज्ञान अकादमीच्या सभासदाचा हक्क वापरून दुसऱ्या एकाचा निबंध अकादमीच्या पत्रिकेत आणला : सुरवंट आणि फुलपाखरू हे मुळात दोन वेगळ्या प्राण्यांच्या संकरातून आले असा दावा. त्यावर वादळ उठलं, आणि सभासदांची ही वाट २०१० मध्ये बंद झाली. म्हणजे नाकारलेली प्रत्येक गोष्ट सोनं नसते, हे लक्षात ठेवायचं.

आणि परीक्षक नुसता निबंध बघतो असंही नाही. १९९७ मध्ये वेनेरोस आणि वोल्ड या दोन स्वीडिश संशोधक स्त्रियांनी तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुप्त अहवाल कायद्याने मागवून घेतले. ११४ अर्ज होते, ५२ बायकांचे, ६२ पुरुषांचे. वीस शिष्यवृत्त्यांपैकी सोळा पुरुषांना गेल्या. हिशेब केल्यावर दिसलं की पुरुषाइतके गुण मिळायला बाईला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. अहवाल उघड झाले म्हणून हे कळलं.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे प्राध्यापकाची बढती, पीएच.डी.चा प्रबंध, सगळं 'पीअर-रिव्ह्यूड' निबंधांच्या संख्येला बांधलं गेलं, आणि मागणी तसा पुरवठा सुरू झाला. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. २०१३ मध्ये 'सायन्स'साठी जॉन बोहॅनन यांनी दगडफुलातल्या एका रेणूने कर्करोग बरा होतो असा, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला खोटा निबंध ३०४ पत्रिकांना पाठवला. १५७ पत्रिकांनी स्वीकारला. अशा पत्रिकांचा सगळ्यांत मोठा तळ कुठे निघाला? भारतात. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि पुण्याच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १००९ पत्रिका तपासल्या. निकषांना उतरल्या फक्त ११२. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४३०५ पत्रिका काढून टाकल्या, आणि २०१९ मध्ये नव्या यादीचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे आलं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने, तालुक्याच्या कॉलेजात शिकवते ती, उधारी करून अशा एका पत्रिकेत निबंध छापला. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा होता, 'छान आहे'. पुढे पत्रिका यादीतून गेली, आणि निबंध मोजला गेला नाही. तिचं काम मात्र खरं होतं, गावातल्या विहिरींच्या पाण्यातल्या शेवाळांवरचं. ते कुणीच वाचलं नाही, ना परीक्षकाने, ना आयोगाने. तिला आपण काय सांगणार?

जीवशास्त्रातल्या काही पत्रिका आता उलट दिशेने निघाल्या आहेत. 'एम्बो जर्नल' २००९ पासून परीक्षकांचे अहवाल छापतं. ह्यूवेलना १८३१ मध्ये हवं होतं तसं. 'ईलाइफ'ने २०२३ पासून परीक्षणानंतर स्वीकार-नकार हा निर्णयच बंद केला. परीक्षणाला घेतलेला निबंध आणि त्यावरचे शेरे, दोन्ही शेजारी शेजारी छापायचे. काहींना हे धाडस वाटतं, काहींना पळवाट.

आता ती चिठ्ठी. रानपिंगळा हे एक छोटं घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा नमुना कुणाला मिळाला नव्हता, अपवाद एकच : रिचर्ड माइनर्ट्सहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा, ऑक्टोबर १९१४, गुजरातमधलं मांडवी. माइनर्ट्सहागेन मोठे पक्षितज्ज्ञ, 'आयबिस'सारख्या प्रतिष्ठित पत्रिकेत लिहिणारे. त्यांचा शब्द कोण तपासणार? परीक्षक कागद वाचतो, तो लंडनच्या कपाटातल्या पक्ष्याचं पोट उसवून बघत नाही. ते काम १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी केलं. १९१४ च्या चिठ्ठीचा पक्षी भरण्याची मूळ पद्धत त्यांना ओळखीची निघाली. ती जेम्स डेव्हिडसन यांची होती, १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या अधिकाऱ्याची. माइनर्ट्सहागेननी संग्रहालयातला डेव्हिडसनचा पक्षी चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावली होती. त्यांचे असे कितीतरी नमुने खोटे निघाले.

मांडवीची नोंद बाद झाल्यावर शोध कुठे घ्यायचा हेही बदललं. खऱ्या चिठ्ठ्या जिथे बोट दाखवत होत्या, तिथे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट गेले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झाडाच्या उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या अभयारण्यातही.

चला, प्रश्न घेऊया. मागच्या वेळच्या त्या ताई आज आल्या असतील तर पहिला त्यांचा.